वजाबाकीने आलेला कोन

द्वारका, नाशिक
गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

श्री. गंगाधर मास्तर यांस,

नमस्कार. विनंती आहे. विशेष काही नाही, असं लिहिणार होतो, पण शेहेचाळीस वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याने तसं लिहू नये.

मी वाल्मीक. अक्षरावरून ओळखलं असेल. हात थोडा थरथरतो, पण ‘ळ’ अजून तसाच काढतो.

हे पत्र तुम्हाला चंदर देईल. माझा नातू हर्षल याच्या गाडीवर तो ड्रायव्हर आहे आणि आठवड्यातून एकदा पेठला माल टाकायला येतो. पाकीट खळीने चिकटवून जोडावर सही केली आहे. सही तुटलेली दिसली तर कळवावं. चंदर माणूस चांगला आहे, पण त्याला वाचायची हौस आहे.

काम असं आहे. हर्षलची अंबडला फॅब्रिकेशनची शेड आहे. हरसूलच्या पुढे नदीकाठी जो पाडा आहे, तिथली नऊ मुलं नदी ओलांडून तुमच्या काठावरच्या शाळेत येत. ज्या ओंडक्यावरून येत तो जुलैच्या पुरात गेला. तेव्हापासून नऊही जण घरी आहेत. हर्षल आणि त्याचे मित्र तिथे लोखंडी साकव घालून देणार आहेत. मे महिन्यात दोन्ही काठांवर चबुतरे बांधून झाले होते, टेप लावून अंतरही घेतलं होतं. मग तोच पूर तुमच्या बाजूचा चबुतरा काठासकट घेऊन गेला. तुमच्या लोकांनी मागे खडकावर नवा बांधला. आता एका चबुतऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत अंतर किती, हे कुणालाच ठाऊक नाही.

पोरांनी लेझरचं यंत्र आणलं. उन्हात त्याचा लाल ठिपका कुठे गेला ते सापडेना. गोफणीने दोरी टाकून पाहिली, दोनदा नदीने ती ओढून नेली. मोबाईलच्या नकाशात काठावर नुसती झाडी. शेवटी हर्षल म्हणाला, “आबा, तुमचं ते कोन मोजायचं पितळेचं यंत्र काढा.”

काढलं. पुसलं. थिओडोलाइटच्या पेटीचा तो वास, गंगाधर! लाकूड, तेल आणि जुन्या पावसाळ्यांचा. मी पाच मिनिटं नुसता झाकण उघडून बसलो होतो. सून म्हणाली, “बाबा, चहा गार झाला.”

अलीकडचा चबुतरा तो अ. काठाने वरच्या अंगाला तीस मीटरवर एका खडकावर ब. तुमच्या बाजूचा चबुतरा तो क, तिथे बांबूला पांढरा झेंडा. अ आणि ब वरून दोन कोन घेतले, मधली तीस मीटरची बाजू टेपने. दोन कोन आणि एक बाजू हाती आली की त्रिकोणाला पळायला जागा उरत नाही. हे वाक्य कुणाचं, ते मी सांगायला नको. पंचवटीतल्या त्या पत्र्याच्या वर्गात गुरुजी टेबलावर छडीने ताल धरून म्हणवून घेत,

बाजूसमोर जो कोन उभा, त्याची ज्या शोधून घे,
बाजूस त्या ज्येने भाग, तिन्हींस एकच फळ ये!

‘ज्या’ म्हणजे साइन, हे आपल्याला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आपण ती कविताच समजत होतो. मी तर अजूनही समजतो.

आता विनंती. दोन कोनांवर गणित सुटतं, पण तपासणी होत नाही. तिसरा कोन क वर उभं राहूनच घ्यावा लागतो आणि क तुमच्या काठावर आहे. पाड्यावरच्या मालनबाई परवा मला म्हणाल्या, “त्या अंगाला बी येक म्हातारं मास्तर हाय. तुमच्यावानीच तिपाई मांडतं आन् येक डोळा मिटून बसतं. पोरं म्हनत्यात, मास्तर नदीला डोळा मारतं.” मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. पुढचा अर्धा तास मला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही.

तर क वरचा कोन घेऊन कळवावा. अ आणि ब वर झेंडे लावून ठेवले आहेत, अ चा लाल, ब चा पिवळा.

माझे दोन कोन या पत्रात लिहिलेले नाहीत. विसरलो म्हणून नाही. का लिहिले नाहीत ते तुला ठाऊक आहे.

‘तुम्ही’ लिहीत होतो, शेवटी ‘तू’ आलं. असू दे. खोडलं तर संशय वाटेल.

वाल्मीक


द्वारका, नाशिक
शनिवार, ३० ऑगस्ट

गंगाधर,

तुझी चिठ्ठी मिळाली. “कोन पाठवतो. घाई करू नका.” पाच शब्द! त्यातला शेवटचा आदरार्थी.

घाई का करू नको? हर्षलची शेड वीस सप्टेंबरनंतर दुसऱ्या कामाला बांधलेली आहे. त्याच्या आत लोखंड कापायला हवं. “आबा, लोखंड एकदा कापलं की कापलं,” असं तो मला रोज सांगतो. लांब झालं तर पुन्हा कापता येतं, आखूड झालं तर मागाहून ठिगळ जोडावं लागतं आणि ठिगळावरून नऊ मुलं चालवायला तो तयार नाही. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत साकव बसला नाही, तर मालनबाईंची नात मैना हिला तिचा बाप ऊसतोडीला सोबत नेणार आहे. बाकीच्यांचंही थोडंफार तसंच. तेव्हा घाई आहे.

दुसरं. तू आणि हर्षल फोनवर बोलता का? खरं सांग. परवा तो सहज म्हणाला, “मास्तरांकडचं यंत्र तुमच्यापेक्षा नवं आहे.” त्याला कसं कळलं? मी विचारलं तर म्हणे, “चंदर बोलला.” चंदरला विचारलं तर म्हणे, “साहेब बोलले.” घरात गणपती बसलेत, आरतीला माणसं येतात, सगळे माझ्याकडे बघून हसतात. मी प्रसाद वाटतो. पण सगळं टिपून ठेवतो.

तुझं यंत्र कुठून आलं तेही मला कळायला हवं. आपल्या जुन्या मोजणी खात्याच्या लिलावातलं असेल तर त्याच्या दुर्बिणीतल्या उभ्या तारेत दोष असतो.

तू म्हणशील, हा माणूस अजून तसाच. हो. आणि का तसा झाला, हेही तुला माहीत आहे. एकोणऐंशीचा एप्रिल. सुरगाण्याच्या बाजूचे ते तीन डोंगर. पहिल्यावरचा कोन आपण दोघांनी मिळून घेतला. दुसऱ्यावर मी राहिलो. तिसरा, सगळ्यात उभा, तू घेतलास. राबाचे दिवस होते, उतारावर सगळीकडे पालापाचोळा भाजत होते, धुराने डोंगर पाण्यात बुडाल्यासारखे दिसत. तुझ्या तिसऱ्या डोंगरावरून माणूस चिठ्ठी घेऊन खाली आला. बेरीज केली. एकशे ऐंशी अंश, शून्य कला, शून्य विकला, केसभरही फरक नाही.

मोजणीच्या साहेबांनी वही बघितली आणि चष्मा काढला. आठवतं? तू तेव्हा तिथे नव्हतास, तुला कसं आठवेल. ते म्हणाले, “देवाने स्वतः आखला तरी त्रिकोण इतका चोख बसायचा नाही. दहा विकला इकडे, पंधरा तिकडे, तेव्हा मी मानतो की माणसं उन्हात उभी होती. हा कुणीतरी सावलीत बसून लिहिलाय. कुणी?”

मी तुझं नाव घेतलं नाही, गंगाधर. इतकी वर्षं तुझा समज असेल की घेतलं. मी एवढंच म्हणालो, “तिसरा डोंगर चढायला फार अवघड आहे, साहेब.” हे खोटं नव्हतं.

त्यांनी तुला मोजणीवरून काढून गोदामात बसवलं. दोन वर्षांनी तू नोकरी सोडलीस. मला वाटलं होतं, तू येशील, भांडशील, म्हणशील की मी चढलो होतो. तू आला नाहीस. म्हणजे चढला नसशील, असं मी धरलं. माणूस काहीतरी धरतोच.

कोन लवकर पाठव. या खेपेला खरंच क वर उभा राहून.

वाल्मीक


द्वारका, नाशिक
सोमवार, ८ सप्टेंबर

गंगाधर,

कोन मिळाला. ४४ अंश २४ कला ४० विकला. खाली तुझी ओळ, “तीन वेळा घेतला. तिन्ही वेळा हाच.”

मी देवघरापुढच्या पाटावर बसून बेरीज केली. एकदा, दोनदा. मग सुनेकडून करून घेतली. तिन्ही वेळा तीच आली, तुझ्या कोनासारखी. आता माझे कोन लिहायला हरकत नाही. अ वर ७८ अंश १४ कला २० विकला. ब वर ५४ अंश २२ कला ४० विकला. तुझा मिळवून १७७ अंश १ कला ४० विकला.

तीन अंश कुठे आहेत, गंगाधर?

दहा-वीस विकला असत्या तर मी पेढे वाटले असते. तीन अंश म्हणजे चूक नाही, तीन अंश म्हणजे कुणीतरी काहीतरी करतंय. माझ्या दोन कोनांवरून अंतर तेहेतीस मीटर चौदा सेंटीमीटर येतं. तुझा कोन खरा मानून ब चा खोटा धरला, तर छत्तीस मीटर दहा. जवळजवळ तीन मीटरचा फरक. तेहेतीसचा साकव छत्तीसच्या नदीवर घातला, तर त्याचं टोक पाण्यात जाईल आणि पाड्याबरोबर सगळा जिल्हा माझ्यावर हसेल. हे तुला नदीच्या पलीकडून बसल्या जागी बघता येईल. तेवढ्यासाठी शेहेचाळीस वर्षं थांबला होतास का?

असं मी हर्षलला बोलून दाखवलं. तो वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे बघत राहिला.

“आबा, त्यांना काय मिळणार असं करून?”

“तुला माहीत नाही.”

“मग सांगा ना.”

“ते जुनं आहे.”

“जुनं आहे तर राहू द्या. मला फक्त नदी किती रुंद ते सांगा. पुन्हा जाऊन मोजू या का?”

इथेच अडलं आहे. हरसूलच्या पुढे घाटात दरड आली आहे. पायी माणूस जातो, गाडी जात नाही आणि माझे गुडघे यंत्रासकट पायी जाणारे राहिलेले नाहीत. रस्ता मोकळा व्हायला महिना लागेल म्हणतात. तुझ्या बाजूने पेठवरून वाट उघडी आहे, पण तुझ्या चबुतऱ्यामागे सरळ कडा आहे, मोजणीचा पाया, म्हणजे टेपने घ्यायची ती बाजू, आखायला दहा पावलं सपाट जागा नाही. म्हणजे हाताशी आहे ते एवढंच. माझे दोन कोन, तुझा एक आणि मधे नाहीसे झालेले तीन अंश.

आता तू सांग. अगदी सरळ सांग. क वर गेला होतास की घरी बसून लिहिलंस? आणि एकोणऐंशीला चढला होतास की नाही? दोन्ही प्रश्न एकच आहेत.

वाल्मीक

ता. क. घरी बसून लिहिलं असतंस तर बेरीज जुळवून लिहिली असतीस, हे पाकीट चिकटवताना सुचलं. पण माझे कोन तुला ठाऊक नव्हते, तेव्हा जुळवणार कशी? मीच लपवले होते. म्हणजे यातून काहीच सिद्ध होत नाही. पाकीट पुन्हा उघडून हे लिहिलं आहे, त्यामुळे सही तुटलेली दिसेल. ती मीच तोडली आहे.


द्वारका, नाशिक
गुरुवार, ११ सप्टेंबर

गंगाधर,

तुझं उत्तर आलेलं नाही. चंदर गुरुवारी जातो म्हणजे माझं मागचं पत्र आज तुझ्या हातात पडत असेल. त्याच गाडीत हेही देतो आहे. दोन्ही मिळाली तर हे आधी वाच.

काल मालनबाई श्राद्धासाठी नाशिकला आल्या होत्या. दरडीच्या पलीकडून चालत, मग जीपने. गोदाघाटावरून परस्पर आमच्याकडे आल्या, जेवायला बसल्या. हर्षल ताट घेऊन त्यांच्याशेजारी बसला आणि म्हणाला, “मावशी, आबांनी खडकावरून मोजलं तेव्हा छत्री कोण धरून होतं?”

“म्याच की.”

“झेंडा दिसत होता नीट?”

मालनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पोळीचा तुकडा मोडत होतो.

“मला काय त्यातलं कळतंय, बाबा,” त्या म्हणाल्या. “आबा लय येळ बघत व्हते. मी बी बघितलं. पन आबा, तुमी त्या बगळ्याकडं येवढं काय बघत व्हता?”

हर्षल हसला. त्याला वाटलं, म्हातारा कविता करत असेल. सून म्हणाली, “बाबांना बगळे आवडतात.” सगळे हसले. मीही हसलो. मग जेवता येईना.

मी तुला सांगतो. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

अ वरून झेंडा स्पष्ट दिसत होता. तो कोन खणखणीत आहे, त्यावर हात ठेवून शपथ घेईन. ब चा खडक शेवाळलेला, मला दोघांनी धरून वर चढवलं. दुर्बिणीत डोळा लावला तर नुसतं हिरवं. माझा मोतीबिंदू दीड वर्षापूर्वी काढला, तो एका डोळ्याचा, आणि सवयीने मी लावतो दुसरा. त्या हिरव्यात एक पांढरा ठिपका दिसला. स्थिर, उभा, अगदी बांबूला लावल्यासारखा. मी तार त्याच्यावर आणली, स्क्रू आवळला, व्हर्नियरच्या पट्टीवरचा आकडा वाचला, वहीत लिहिला. चोपन्न, बावीस, चाळीस. खात्री करायला पुन्हा डोळा लावला आणि झेंडा उडून गेला.

पंख पसरून, पाय मागे टाकून, नदीवरून खालच्या अंगाला. इतका सुंदर उडाला की मी क्षणभर कोन विसरलो. मग आठवला. मालनबाईही त्याच्याकडेच बघत होत्या. आणि मी म्हणालो, “झालं, उतरवा मला.”

पुन्हा घ्यायला दहा मिनिटं लागली असती. सगळे खाली उभे राहून वर बघत होते, हर्षल व्हिडिओ काढत होता, पोरं टाळ्या वाजवत होती. कमरेत कळ येत होती. मला वाटलं, बगळा झेंड्याच्या जवळच बसला असेल. हातभर इकडे-तिकडे.

हे माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून आहे. तुझ्याकडे तिसरा कोन मागितला तो यासाठीच. बेरीज जुळली तर बगळा झेंड्यावरच बसला होता म्हणायचं आणि गप्प राहायचं. नाही जुळली तर चूक तुझ्या काठावर ढकलायची. ही दुसरी वाट मी आधीच आखून ठेवली होती असं म्हणणार नाही. पण सोमवारी पाय आपोआप तिकडेच वळले. ओळखीची वाट होती.

आता ते दुसरं. मागे मी लिहिलं, “बेरीज केली. एकशे ऐंशी.” आधी काय झालं ते लिहिलं नाही.

दुसऱ्या डोंगरावर मी सकाळपासून बसलो होतो. राबाचा धूर इतका की तुझा डोंगरच दिसेना, झेंडा कुठला. मी वाट बघत बसलो. आणि धूर सुंदर होता, गंगाधर. खालून निळा, वर सोनेरी. मोजणीच्या वहीच्या मागच्या पानावर मी कवितेच्या सोळा ओळी लिहिल्या. डोळा लागला. उठलो तर ऊन उतरलेलं आणि समोर तुझा माणूस चिठ्ठी घेऊन उभा. तुझा कोन लिहिलेला, माझी जागा कोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी पडाव हलणार होता. पहिला कोन होता, तिसरा आला होता. मी वजाबाकी केली आणि उत्तर माझ्या जागी लिहिलं. साहेब ज्याला सावलीत बसून लिहिलेला म्हणाले, तो कोन माझा होता.

तरीही मी तुझ्यावर संशय घेतला. तो खोटा नव्हता, हे ऐकून तुला चीड येईल. तू चढला होतास की नाही, मला खरंच माहीत नाही. कळायला एकच मार्ग होता, माझा कोन मी खरा मोजला असता तर तुझा खरा की खोटा ते बेरजेत दिसलं असतं. मी वजाबाकी केली आणि तो मार्गच पुसून टाकला. तू ४४ लिहिलं असतंस काय, ८४ लिहिलं असतंस काय, बेरीज एकशे ऐंशीच आली असती. मग मला ते सोयीचं झालं. तूही चढला नसशील, तर आपण दोघे सारखे. इतकी वर्षं मी त्या ‘नसशील’वर झोपलो.

आता पुन्हा तसाच त्रिकोण पुढ्यात आहे. हर्षल म्हणतो, “आबा, ब सोडून द्या. अ आहे, क आहे, बाजू आहे. दोन कोन, एक बाजू. वजा करा, संपलं.” गणित बरोबर आहे त्याचं. ब ची जागा कोरी ठेवून वजाबाकीने भरायची. पण मग तपासणी राहत नाही. तुझा कोन आहे तसा गिळावा लागतो.

मला विचार करू दे.

वाल्मीक


द्वारका, नाशिक
सोमवार, १५ सप्टेंबर

गंग्या,

तुझं उत्तर अजून नाही. चंदर येत्या गुरुवारी जाईल, तू लिहिलं असलंस तर तेव्हा येईल. हर्षलला आकडा आज हवा होता.

सकाळी शेडमध्ये गेलो. लोखंडाच्या धुळीत खुर्ची टाकून बसलो आणि मोजणीची वही उघडली. अ समोर लिहिलं, ७८-१४-२०, वाल्मीक, प्रत्यक्ष पाहून. क समोर लिहिलं, ४४-२४-४०, गंगाधर, प्रत्यक्ष पाहून. ब समोर ५४ खोडलं, असं खोडलं की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी लिहिलं, ५७-२१-००, मोजला नाही, वजाबाकीने आला. त्याखाली सही.

हर्षल खांद्यावरून वाचत होता. “खोडलंत का?”

मी त्याला बगळा सांगितला. हसला नाही. “आणि तुम्ही मास्तरांना दोष देत होतात.”

“हो.”

“आबा, व्हिडिओ गावभर गेलाय तुमचा.”

“जाऊ दे. हेही जाऊ दे.”

मग एकोणऐंशीही सांगितलं. त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. “मग आता त्यांचा कोन खरा आहे हे कशावरून?” त्याने विचारलं. माझाच नातू, दुसरं काय विचारणार!

“कशावरूनच नाही,” मी म्हणालो.

छत्तीस मीटर दहा. दोन्ही टोकांना चबुतऱ्यावरच्या खुणेपलीकडे पंचेचाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर जास्त. एकूण सदतीस मीटर. त्याने खडूने खूण केली आणि मशीन चालू केलं. कानावर हात ठेवून मी तिथेच बसलो. पहिलं टोक तुटून पडलं. आता परत जायला वाट नव्हती.

तुझ्या उत्तराची वाट मी मुद्दाम पाहिली नाही, हे लक्षात घे. “हो, चढलो होतो” असं तू लिहिलं असतंस आणि मग मी आकडा दिला असता, तर ती पुन्हा तपासणीच झाली असती.

वाल्मीक


हरसूल
बुधवार, २९ ऑक्टोबर

गंग्या,

हे इथेच हॉटेलच्या बाकावर बसून लिहितो आहे, चहाचे डाग पडले तर पडले.

तू आज येशील असं वाटलं होतं. तुझ्या काठावर पन्नासेक माणसं होती, मी दुर्बिणीतून, बऱ्या डोळ्याने, एकेक चेहरा बघितला. तू नव्हतास. तुझ्या शाळेची पोरं फळीवर शाळेचं नाव लिहून उभी होती. तुझी चिठ्ठीही सप्टेंबरपासून नाही. मी विचारणार नाही.

सकाळी साडेनऊला ओढायला घेतलं. मधे बांबूचे मनोरे, दोन्हीकडे दोरखंड. पाणी उतरलं आहे, तरी मधोमध कमरेला लागतं. मालनबाई माझ्याजवळ बसल्या होत्या. “आबा, शाल कशापायी?” म्हणाल्या. “थंडी,” मी म्हणालो. “दिवाळीनंतरच्या उन्हात थंडी! बरं बाबा, थंडी.” आणि माझा हात धरून ठेवला.

लोखंड इंच-इंच पुढे गेलं. अर्ध्यावर एक दोर घसरला, सगळे ओरडले, हर्षल पाण्यात उतरला. मी डोळे मिटले नाहीत. पावणेबाराला टोक तुझ्या चबुतऱ्यावर टेकलं. तिकडून कुणीतरी हात वर केला, पण बसलं की अडकलं ते कळेना. आमच्या बाजूचं टोक खुणेपलीकडे बरोबर पंचेचाळीसवर बसवून हर्षल साकवावरून चालत गेला. बोल्ट नव्हते लावलेले अजून, त्याची आई इथे असती तर ओरडली असती. पलीकडे जाऊन वाकला, टेप लावला आणि नदीवरून ओरडला.

“आबा! त्रेचाळीस!”

खुणेपलीकडे पंचेचाळीस यायला हवे होते, त्रेचाळीस आले. छत्तीस मीटरांत दोन सेंटीमीटर.

माझ्या जुन्या साहेबांनी वही बघितली असती तर चष्मा काढला नसता. म्हणाले असते, माणसं उन्हात उभी होती.

दुपारी बोल्ट आवळल्यावर मैना पहिली गेली. मधे थांबून खाली पाण्याकडे बघितलं, मग पळत सुटली. बाकीची तिच्यामागे. पलीकडच्या पोरांनी तिला धरलं आणि सगळी शाळेकडे गेली, सुट्टी असून.

मी वही काढली आणि शेवटचा रकाना भरायला घेतला, फरक आणि त्याचं कारण. तो रिकामा ठेवता येत नाही. माझ्या अ मधला असेल, टेपमधला असेल, तुझ्या क मधला असेल. शोधायला बसलो तर मला अजून बरीच वर्षं पुरेल एवढं काम आहे त्यात, आणि मला ते येतं.

बाकावर बसून ठरवलं, शोधायचं नाही. ते दोन सेंटीमीटर मी माझ्या नावावर लिहिले आहेत.

तुझा
वाल्मीक